गेरूचा पट्टा

आलापल्लीच्या रस्त्याला लागून जी वसाहत आहे, तिचं कागदावरचं नाव वनश्रीनगर. पण ते नाव फक्त विजेच्या बिलाला ठाऊक. बाकी सगळे तिला पेन्शनपुरा म्हणतात. एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘पेन्शनपुरावाले उतरा, सावकाश उतरा’ असंच ओरडतो. जंगलखात्यातून निवृत्त झालेले नाकेदार, मजूर, कारकून आणि ड्रायव्हर यांची एकेचाळीस घरं. पोरं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला. वसाहतीतला सगळ्यात तरुण माणूस म्हणजे प्रवीण, वय वर्षं एकसष्ट. त्याला सगळे ‘पोरगा’ म्हणत, आणि गॅसचं सिलिंडर उचलायचं काम त्याच्याकडे होतं.

वसाहतीच्या मधोमध चौक. त्यात एक हापशी, एक फुटका ओटा, तीन सुबाभळी, एक मोह आणि एक सूचनाफलक. फलकावर दोनच गोष्टी लागायच्या: हयातीचा दाखला द्यायची तारीख, आणि ज्यांना आता तो द्यावा लागणार नव्हता त्यांची नावं. सिमेंटचे बाक चार. त्यांतल्या तीनांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं. चौथा कोरा होता, आणि त्याच्यावर कोणी बसत नसे.

इस्तारी भोयर या चौकात रोज पहाटे यायचा. वय त्र्याहत्तर, निवृत्त नाकेदार. म्हणजे तो यायचा असं नाही. आधी त्याची बायको प्रेमिला टोपली घेऊन यायची, आणि तिच्या मागून पाच मिनिटांनी तो.

प्रेमिलाला विसर पडू लागून दीड वर्ष झालं होतं. आधी ती मीठ विसरली, मग वार, मग मुलीचं सासर. आणि एका दुपारी इस्तारी बाजारातून वांगी घेऊन घरात शिरला, तर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पाट मांडला आणि म्हणाली, “बसा भाऊ. आमचे हे येतेच आता. चहा मांडते.”

इस्तारीनं चहा घेतला. पाहुण्यानं घ्यावा तसा, बशी न वाजवता.

तेव्हापासून घरात तो ‘भाऊ’ झाला. ती त्याला वाढायची, हवं-नको विचारायची, ‘बाई कशी हाय तुमची?’ असंही विचारायची. तो म्हणायचा, ‘बरी हाय.’ पण पहाटे मोहाखाली मात्र वेगळंच व्हायचं. तो मागून गेला की ती मान वर करायची आणि म्हणायची, “अजी, किती उशीर केला? कव्हाची वाट पाहून राह्यली मी.”

अजी. नवऱ्याला हाक मारायचा त्या मुलखातला शब्द. जगात दुसऱ्या कुठल्या जागी ती त्याला तसं म्हणत नव्हती.

त्याचं कारण डॉक्टरला ठाऊक नसलं तरी इस्तारीला होतं. पन्नास वर्षांपूर्वी इथं वसाहत नव्हती, खात्याचा कॅम्प होता. इस्तारी नवा मजूर, प्रेमिला नवी नवरी. उन्हाळ्यात तो रात्रभर वणव्याच्या राखणीला असायचा आणि पहाटे परतायचा. त्या वेळी ती याच मोहाखाली फुलं वेचत असायची. पुढे सगळं जंगल कापलं गेलं, हा मोह का राहिला कोण जाणे. निवृत्तीनंतर इस्तारीनं इथं प्लॉट घेतला तो मोह दिसतो म्हणून. लोकांना त्यानं सांगितलं, पाणी गोड आहे म्हणून.

मोहापासून घर दोनशे पावलं. परतताना फाटकापर्यंत ती त्याची बायको असायची. उंबरा ओलांडला की गेली. म्हणून इस्तारी ती दोनशे पावलं पाऊण तासात चालायचा. गुडघे दुखतात म्हणायचा.

*

फेब्रुवारीत चौकाचं सौंदर्यीकरण मंजूर झालं.

समिती झाली. अध्यक्ष गोपालराव, निवृत्त मुख्य कारकून. समितीचं सरासरी वय एकाहत्तर होतं, ते प्रवीणमुळे. त्याला ‘युवा प्रतिनिधी’ म्हणून घेतलं होतं. ओट्यावर बैठक बसली. गोपालरावांनी नकाशा पसरला आणि उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार जणांच्या गोळ्यांच्या डब्या ठेवल्या.

“हे पेवर ब्लॉक. हे नाव, इंग्रजी अक्षरात, ‘आय लव्ह पेन्शनपुरा’. लव्हच्या जागी लाल दिल येईल, लायटिंगचा. आणि हे कारंजं.”

“तिथी मोह हाय,” इस्तारी म्हणाला.

“नकाशात नाई.”

“नकाशात काऊन नाई?”

“कारंजं हाय ना तिथी.”

मग इस्तारीचा मित्र देवाजी खाकरला. देवाजी नैताम समोरच्याच घरात राहायचा. तोही खात्यातलाच, पण त्याची सगळी नोकरी सागाच्या लागवडीत गेली, आणि इस्तारीची जुन्या जंगलात. दोघं रोज संध्याकाळी एका बाकावर बसायचे, कोणाचं जंगल खरं यावरून भांडायचे आणि एकाच तंबाखूच्या डबीतून खायचे.

“राहू द्या ना मोह,” देवाजी म्हणाला. “कारंज्याले सहा फूट सरकवा हापशीकडं.”

“अहो देवाजीभाऊ, मोहाची फुलं पडतात. फुलावर पाय पडला, माणूस घसरला, खुब्याचं हाड गेलं, तर जबाबदार कोण?”

“ज्याचा खुबा तो.”

लोक हसले. गोपालराव हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला. “इस्तारीभाऊ, तुमचं म्हणणं काय हाय? त्या झाडाचं एवढं काय?”

इस्तारीच्या तोंडाशी आलं होतं. पण एकाहत्तर सरासरी वयाच्या त्या समितीसमोर, युवा प्रतिनिधीच्या देखत, असं कसं सांगायचं की मला रोज सकाळी बायकोनं ‘अजी’ म्हणावं म्हणून झाड पाहिजे?

“सावली,” तो म्हणाला. “सावली पडते गा चांगली.”

देवाजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शेवटी ठरलं: कारंजं सरकवायचं, तीन सुबाभळी काढायच्या, मोह राखायचा. गोपालरावांनी ठराव लिहिला. चाळीस वर्षं त्यांनी अशीच वाक्यं लिहिली होती की पुढे त्यात कोणी सापडू नये. हात तसाच वळला. ठरावात आलं, ‘चौकातील झाडांबाबत ठरल्याप्रमाणे कार्यवाही करावी.’ सगळ्यांनी सह्या केल्या. प्रेमिलाच्या घरच्या ‘भाऊ’नंही केली.

पण इस्तारीचा कागदावर विश्वास नव्हता. त्याचा विश्वास खुणेवर. चौतीस वर्षं त्यानं झाडांना खुणा केल्या होत्या. जुन्या जंगलात तुकडाच्या तुकडा कापायचा असे, आणि त्यात बियाण्यासाठी म्हणून चार-दोन झाडं राखायची असत. त्या चार-दोन झाडांना छातीइतक्या उंचीवर गेरूचा पट्टा. पट्टा दिसला की कुऱ्हाडवाला वळसा घालून पुढे जायचा. साहेब बदलत, मंत्री बदलत, पण गेरूचा पट्टा ओलांडून कोणी घाव घातला असं इस्तारीनं उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गेरू कालवला. बुंध्याची साल हातानं साफ केली आणि चार बोटं रुंदीचा पट्टा गोल फिरवून घेतला. कुठं तुटला नाही, कुठं ओघळला नाही. हात अजून विसरला नव्हता. घरात एक तरी अवयव असा असावा.

देवाजी फाटकातून बघत होता. तो जवळ आला.

“लावला पट्टा?”

“लावला.”

“मन पक्कं हाय ना तुयं?”

“पक्कं म्हंजे? याच्याहून पक्कं काय रायते?”

देवाजीनं इस्तारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. इस्तारीला वाटलं, मोह वाचला म्हणून गड्याला भरून आलं.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चंद्रपूरच्या डॉक्टरची तारीख होती. तपासण्या करायच्या म्हणून प्रेमिलाला तीन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. तिथं ती नर्सला ‘बाई’ म्हणायची आणि इस्तारीला ‘भाऊ’. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं सांगितलं, “हे भाऊ लई चांगले हायेत. सख्खे नाईत, तरी राह्यले संगं.”

डॉक्टर तरुण होता. त्यानं इस्तारीला बाहेर बोलावलं. “आजोबा, हे वाढत जाणार. तुम्हाला अजिबात ओळखत नाहीत का?”

“वळखते,” इस्तारी म्हणाला. “सकाळी.”

डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी एसटी पेन्शनपुऱ्याला थांबली. ‘सावकाश उतरा’ म्हणून कंडक्टर ओरडला. इस्तारीनं प्रेमिलाला हाताला धरून उतरवलं, पिशवी घेतली, मान वर केली आणि तिथंच उभा राहिला. चौकावर आभाळ जास्त होतं.

तिन्ही सुबाभळी जागच्या जागी होत्या. उन्हात शेंगा खुळखुळवत होत्या, निगरगट्ट. मोहाच्या जागी कापलेला बुंधा होता, ताजा, लालसर, आणि त्याच्यावर ठेकेदार अतुल डबा खात बसला होता. फांद्या एका बाजूला रचलेल्या. त्यांना कळ्यांचे झुपके होते. आणखी आठ दिवसांत फुलं गळायला लागली असती.

इस्तारीला पाहून अतुल उठला. “या काका! झकास काम झालं बघा. आम्ही तर घोटाळ्यात पडलो होतो, ठरावात काहीच लिहिलं नव्हतं. ‘ठरल्याप्रमाणे’. आता काय ठरलं ते आम्हाला काय माहीत? अध्यक्षसाहेब लेकीकडे गेलेले, फोन लागेना. बरं झालं, देवाजीकाका होते. त्यांनी उभं राहून पाडून घेतलं. एकाही घरावर फांदी पडू दिली नाही.”

इस्तारीनं प्रेमिलाला घरी नेलं, पाणी दिलं, बसवलं. ती म्हणाली, “तुमी दमले भाऊ.” मग तो रस्ता ओलांडून देवाजीच्या फाटकात गेला.

देवाजी ओसरीवर बसला होता. त्यानं आधीच तंबाखूची डबी पुढे काढून ठेवली होती.

“देवाजी, काय केलं गा तू?”

“जे तू सांगतलं ते.”

“मी? मी पट्टा लावला होता!”

“मंग? पट्टा पाहूनच तं तोडलं. अतुलची मानसं सुबाभळीले लागली होती. मीच थांबवलं. म्हनलं, थांबा रे, बैठकीत काही ठरो, त्यायले पट्टा नाई. पट्टा मोहाले हाय, आन् तो इस्तारीच्या हातचा हाय. शंभर पट्ट्यांत वळखतो मी त्याचा हात.”

“पट्टा राखाच्या झाडाले असते!”

देवाजीचा हात डबीवर थांबला.

“नाई,” तो हळू म्हणाला. “पट्टा तोडाच्या झाडाले असते.”

दोघांनाही एकदमच कळलं. पंधरा वर्षं ज्यावरून ते बाकावर भांडत आले होते, तेच हे. जुन्या जंगलात सगळं कापायचं असायचं, म्हणून राखायचं झाड खुणेचं. लागवडीच्या सागात सगळं राखायचं असायचं, विरळणीपुरतं मधलं एखादं काढायचं, म्हणून काढायचं झाड खुणेचं. जे थोडं असेल त्याला खूण करायची, एवढाच दोघांचा नियम. नियम एकच होता आणि दोघांनी तो इमानानं पाळला होता.

“मंग तू तं बैठकीत म्हनला होता, राहू द्या मोह,” इस्तारी म्हणाला.

“म्हनलो होतो. पन मंग तू सोता येऊन पट्टा मारला. मी इचारलं तुले, मन पक्कं हाय का. तू म्हनला, हाय.” देवाजीनं चौकाकडे हात केला. “मले वाटलं... मी रोज पाहत होतो ना गा इथून. ती तुले तिथी वळखते, आन् घरी आली का इसरते. रोज. रोज एकदा भेटते आन् रोज एकदा जाते. मले वाटलं, आता नाई सहन होत माह्या गड्याले. त्यानं हिंमत केली. म्हून म्या सोता उभं राहून पाडलं. परक्या मानसाच्या हातानं नको म्हून.”

इस्तारी खाली बसला. शिवी आठवेना. जंगलखात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला शिवी आठवू नये ही गोष्ट साधी नव्हे. त्यानं डबीतून चिमूटभर तंबाखू घेतली. देवाजीनं चुना दिला. दोघंही मळत बसले. तोंडात कोणीच टाकली नाही.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रेमिला टोपली घेऊन निघाली. इस्तारी मागून. ती दोनशे पावलं बरोबर चालली, थांबली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पुढे निघाली. हापशी ओलांडली, सुबाभळी ओलांडल्या, थेट मोठ्या रस्त्याला लागली. इस्तारीनं धावत जाऊन तिला अडवलं. त्र्याहत्तराव्या वर्षी धावणं म्हणजे काय ते त्याच्या गुडघ्यांना पहिल्यांदा खरोखर कळलं.

“भाऊ,” ती म्हणाली, “मोहाकडं कोनता रस्ता जाते?”

“हा नाई बाई. चाला, मी दाखवतो.”

आणि तो तिला घरी घेऊन आला. पाच मिनिटांत.

गोपालराव परतले, तेव्हा त्यांनी ठराव पुन्हा वाचला आणि तो नियमात बसतो असं त्यांना आढळलं. नंतर ते एकटेच इस्तारीकडे आले. दहा मिनिटं बसले आणि जाताना चपला उलट्या घालून गेले. देवाजीनं कुठून तरी मोहाचं वीतभर रोप आणलं आणि बुंध्याशेजारी लावलं. मोहाला फुलायला दहा-बारा वर्षं लागतात. पेन्शनपुऱ्यात कोणी दहा-बारा वर्षांचा हिशेब करत नाही. तरी देवाजी रोज दोन तांबे पाणी घालायचा. पेवर ब्लॉक बसले, तेव्हा ते रोप त्यांच्याखाली गेलं. नकाशात नव्हतं.

एप्रिलमध्ये उद्घाटन झालं. कारंजं पाऊण तास उडालं, तेवढ्यात हापशी कोरडी पडली. लाल दिल दोन दिवस लागला, तिसऱ्या दिवशी अर्धाच लागला आणि तो तसाच अर्धा लागत राहिला. सुबाभळी राहिल्याच. त्यांच्याबद्दल पुन्हा ठराव मांडायची कोणाची छाती झाली नाही.

प्रेमिला पहाटे निघायची थांबली नाही. फक्त आता ती रस्त्याला लागायची नाही. चौकात पेवर ब्लॉकवर वाकायची, काही तरी उचलायची, पदराला पुसून टोपलीत टाकायची. इस्तारी टोपलीत बघायचा नाही. लांब उभा राहायचा, कारण जवळ गेलं की तिला परका माणूस आल्याचं कळायचं आणि ती पदर सारखा करायची.

एक दिवस वेचून झाल्यावर तिनं टोपली कोऱ्या बाकावर ठेवली. ज्याच्यावर कोणी बसत नसे, त्याच. पदरानं त्याची धूळ पुसली आणि लांब उभ्या इस्तारीकडे पाहून म्हणाली,

“उभे काऊन भाऊ? बसा ना. कोनाची वाट पाहून राह्यले?”

इस्तारी येऊन बाकाच्या टोकाला बसला.

“तुमी?” त्यानं विचारलं.

“आमच्या ह्यायची. रातच्याले वणव्याच्या राखणीले जाते ते. या वक्ताले येते.” ती रस्त्याकडे बघत होती. “तुमी वळखता का त्यायले?”

“वळखतो.”

“कसा मानूस हाय?”

समोरच्या ओसरीवर देवाजी तांब्या हातात घेऊन उभा होता. रोप नव्हतं, तरी सवयीनं पाणी घेऊन निघाला होता. इस्तारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग अर्ध्या विझलेल्या दिलाकडे.

“मानूस बरा हाय बाई,” तो म्हणाला. “जरा उशीर करते.”

“करते,” ती हसली. लाजल्यासारखी. “पन येते.”

तिनं टोपली दोघांच्या मध्ये सरकवली, म्हणजे त्यालाही नीट बसता यावं. मग दोघंही जण त्याची वाट बघत बसले.